एकोणचाळीस मिनिटांचं भांडण

रेडमंडमध्ये राहणाऱ्या मराठी माणसाला घरी फोन करायचा म्हणजे आधी गणित करावं लागतं. उन्हाळ्यात साडेबारा तास मिळवा, हिवाळ्यात साडेतेरा. मागच्या नोव्हेंबरात इथली घड्याळं एक तास मागे गेली आणि मी नेहमीसारखा रात्री नऊला आजीला फोन लावला. "अरे, साडेदहा वाजले की इथे! मला वाटलं विसरलास." चूक माझीच. लॅपटॉपनं आपला तास कधीच सरकवून घेतला होता.

आता तुमच्या विंडोजच्या सेटिंगमध्ये भारताची वेळ शोधून बघा. "चेन्नई, कोलकाता, मुंबई, न्यू दिल्ली" अशी ओळ दिसेल. विंडोज ९५ मध्ये तीच "बॉम्बे, कलकत्ता, मद्रास, न्यू दिल्ली" होती. शहरांची नावं बदलली, पाच तास तीस मिनिटं तशीच राहिली. गंमत अशी की या एका ओळीत शेजारी बसलेली पहिली तीन शहरं एकेकाळी तीन वेगळ्या वेळा पाळायची. ग्रिनिचच्या पुढे मुंबई ४ तास ५१ मिनिटं, मद्रास ५ तास २१, कलकत्ता जवळपास ५ तास ५४. शहरात सूर्य डोक्यावर आला की त्या शहरात दुपार, इतका साधा हिशोब होता.

रेल्वेला हे परवडेना. तिनं मद्रास वेळ धरली. १८८१ मध्ये मुंबईचे गव्हर्नर जेम्स फर्ग्युसन यांनी तीच वेळ सरकारी कामकाजाला लावली. (हो, पुण्याचं फर्ग्युसन कॉलेज यांच्याच नावाचं.) शहर बिथरलं. राजाबाई टॉवर तेव्हा नवाकोरा होता. विद्यापीठानं त्यावरचं घड्याळ मुंबई वेळेवरच ठेवायचं ठरवलं, तर सरकारनं त्या घड्याळाच्या दिवाबत्तीचा खर्च द्यायला नकार दिला. अंधारात तर अंधारात, पण वेळ आमची! दोनेक वर्षांत सरकारला माघार घ्यावी लागली.

मग १ जानेवारी १९०६ ला आजची प्रमाणवेळ आली, ८२.५ अंश रेखावृत्तावरून मोजलेली. मुंबईसाठी घड्याळ एकदम ३९ मिनिटं पुढे. आपल्याला वाटेल, एवढ्यासाठी काय भांडायचं? पण गिरणी कामगाराच्या जागी उभे राहून बघा. भोंगा घड्याळाच्या त्याच आकड्याला वाजणार असेल, तर सूर्याच्या हिशोबानं तुम्हाला ३९ मिनिटं आधी उठायचंय, चाळीतल्या नळावर रांग लावायचीय, अंधारात चालत जायचंय. त्या जानेवारीत जेकब ससून मिलमधल्या कामगारांनी काम नाकारलं, दगडफेक झाली. महापालिकेनंही आपली घड्याळं मुंबई वेळेवर ठेवली, आणि हा हट्ट स्वातंत्र्यानंतरही काही वर्षं टिकला. एका शहरात दोन वेळा! जुन्या लग्नपत्रिकांत मुहूर्तापुढे "स्टँ. टा." छापलेलं दिसतं ते म्हणूनच. नाहीतर पाहुण्यांनी कोणत्या घड्याळानं यायचं?

मला या गोष्टीतली वेळेच्या आकड्यापेक्षा वेळ सांगण्याची पद्धत जास्त महत्त्वाची वाटते. फर्ग्युसन साहेबांनी हुकूम काढला होता. संगणकांनी दुसरी वाट धरली. डेव्हिड मिल्स यांनी १९८५ मध्ये एनटीपी नावाची रीत मांडली. तुमचं यंत्र सर्व्हरला विचारतं, "किती वाजले?" प्रश्न कधी निघाला, तिकडे कधी पोचला, उत्तर कधी निघालं, इकडे कधी आलं, अशा चार नोंदी होतात. त्यावरून प्रवासात गेलेला वेळ वजा करून आपलं घड्याळ किती चुकलंय ते काढता येतं. फरक थोडा असेल तर घड्याळाला धक्का देत नाहीत. ते जरा जलद किंवा सावकाश चालवून हळूहळू जुळवतात. शिवाय चांगली मांडणी एकावरच विसंबत नाही. चार-पाच सर्व्हरना विचारायचं आणि भलतंच सांगणाऱ्याला बाजूला काढायचं.

रेडमंडची कथा इथे थोडी वेगळी आहे. मायक्रोसॉफ्टनं विंडोज २००० मध्ये स्वतःची वेळ-सेवा घातली ती अचूकतेच्या हौसेनं नाही, तर कुलपासाठी. ऑफिसच्या जाळ्यात लॉगिन तपासणारी कर्बेरॉस ही पद्धत दोन घड्याळांत साधारण पाच मिनिटांपर्यंतचा फरक चालवून घेते, त्यापुढे दार बंद. ३९ मिनिटं सोडाच! पाच मिनिटं सांभाळायची म्हटल्यावर काटेकोरपणाची गरज नव्हती. मिलिसेकंदाची हमी विंडोज सर्व्हर २०१६ पर्यंत आली नाही. घरच्या विंडोजनं मूळ सेटिंगमध्ये विचारायचं कोणाला, तर एकालाच: मायक्रोसॉफ्टच्याच सर्व्हरला. मला ही सवय फारशी आवडत नाही.

हुकूमही पुरता गेलेला नाही. एप्रिल २०२२ मध्ये भारत सरकारच्या सर्ट-इननं कंपन्यांना आणि संस्थांना आपली घड्याळं एनआयसी किंवा दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या वेळेशी जोडायला सांगितलं. कारण समजण्यासारखं आहे: सायबर हल्ल्यानंतर दहा यंत्रांच्या नोंदी एकापुढे एक लावायच्या तर घड्याळं जुळलेली हवीत. पण "कोणाचं घड्याळ खरं" हा १८८१ चाच प्रश्न.

आणि तुमच्या फोनमध्ये? अँड्रॉइड, आयफोन, लिनक्स हे सगळे जगातल्या वेळांची जी सामाईक यादी वापरतात, तिचा नियम असा की १९७० पासून ज्या जागांची घड्याळं सारखी चालली त्यांना एकच नाव. मुंबईची वेगळी वेळ त्याआधीच संपली होती. त्यामुळे भारताच्या नावानं तिथे एकच नोंद आहे: आशिया/कोलकाता. आजीला फोन लावताना माझा फोन दादरची वेळ कोलकात्याच्या नावावर काढतो.