सेनापतीची लोकप्रियता आणि मुलकी सत्ता

अमेरिकेतील गॅलप ही लोकमत अजमावणारी संस्था १९७३ पासून तेथील नागरिकांना एक प्रश्न विचारीत आली आहे: देशातील कोणत्या संस्थेवर तुमचा किती विश्वास आहे? त्या वर्षी तेथील विधिमंडळावर, म्हणजे काँग्रेसवर, आपला भरवसा असल्याचे शंभरांपैकी ४२ जणांनी सांगितले होते. २०२३ साली असे सांगणारे ८ उरले. सैन्यावर विश्वास असणारे मात्र ६० होते. १९९१ च्या मार्चमध्ये, आखाती युद्धातील विजयानंतर, हा आकडा ८५ पर्यंत चढला होता. हे अंक पाहून सैन्याचे अभिनंदन करण्याची रीत आहे. परंतु ज्या राज्यघटनेने सैन्याला लोकनियुक्त सत्तेच्या आज्ञेत ठेवले, त्याच राष्ट्रात आज्ञा देणाऱ्या सभागृहापेक्षा आज्ञा पाळणाऱ्यांवर प्रजेचा विश्वास सातपटीहून अधिक असावा, हे लक्षण निरोगी म्हणता येईल काय?

सेनापतीवरील लोकांची श्रद्धा आणि मुलकी सत्तेचा अधिकार यांची समोरासमोर गाठ पडली ती १९५१ साली. जनरल डग्लस मॅकआर्थर हे दुसऱ्या महायुद्धाचे वीरपुरुष, जिंकलेल्या जपानचे जवळजवळ सर्वाधिकारी आणि कोरियातील संयुक्त राष्ट्रसेनेचे सरसेनापती. १९५० च्या सप्टेंबरात इंचॉन येथे सैन्य उतरवून त्यांनी हरत आलेली लढाई फिरविली आणि त्यांचे नाव पुन्हा घरोघर झाले. ऑक्टोबरच्या आरंभी चौ एन-लाय यांनी पेकिंगमधील भारतीय राजदूत सरदार पणिक्कर यांना मध्यरात्री बोलावून सांगितले, की अमेरिकन फौज अडतिसावी अक्षांशरेषा ओलांडील तर चीन स्वस्थ बसणार नाही. आपल्या राजदूताने पोहोचविलेला हा इशारा वॉशिंग्टनमध्ये कोणी मनावर घेतला नाही. १५ ऑक्टोबरला वेक बेटावर मॅकआर्थर यांनी अध्यक्ष ट्रुमन यांना ग्वाही दिली, की चीन युद्धात पडण्याचा संभव फार थोडा आहे. नोव्हेंबरअखेर चिनी सैन्याच्या लोंढ्यापुढे अमेरिकन फौज माघार घेत होती.

येथून मतभेद सुरू झाला. मांचुरियातील तळांवर बाँब टाकावेत, चीनच्या किनाऱ्याची नाकेबंदी करावी, फॉर्मोसातील चँग कै-शेक यांच्या सैन्याचा उपयोग करावा, असे मॅकआर्थर यांचे म्हणणे होते. ट्रुमन यांना युद्ध कोरियापुरतेच ठेवावयाचे होते. सेनापतीने वेगळे मत बाळगणे हा अपराध नव्हे. ते वरिष्ठांस कळविणे हे तर त्याचे कर्तव्यच. परंतु परराष्ट्रधोरणावरील जाहीर वक्तव्ये आधी मंजूर करून घ्यावीत, असा हुकूम ६ डिसेंबर १९५० रोजी सुटला असताना, २४ मार्चला मॅकआर्थर यांनी शत्रूच्या सेनापतीला उद्देशून परस्पर निवेदन काढले आणि अध्यक्षांच्या तहाच्या प्रयत्नावर पाणी पडले. ५ एप्रिलला विरोधी पक्षाचे नेते जोसेफ मार्टिन यांनी मॅकआर्थर यांचे टीकात्मक पत्र प्रतिनिधिगृहात वाचून दाखविले.

११ एप्रिलला मध्यरात्रीनंतर एक वाजता व्हाइट हाउसमध्ये वार्ताहरांना बोलावून बडतर्फी जाहीर करण्यात आली. हुकूम हाती पडण्यापूर्वीच ती बातमी रेडिओवरून टोकियोस पोहोचली. मॅकआर्थर जेवणाच्या मेजावर असताना पत्नीने ती त्यांच्या कानावर घातली. सरकारी नोकरीत केस पिकलेल्या वाचकांना या प्रकाराचे नवल वाटणार नाही. पण एवढ्या मोठ्या माणसाच्या बाबतीत तो घडला, हे अशोभनीयच होते.

देशात संतापाची लाट उसळली. ठिकठिकाणी ट्रुमन यांचे पुतळे जाळले गेले, महाभियोगाची भाषा ऐकू येऊ लागली. १९३७ नंतर प्रथमच मायभूमीवर पाय ठेवणाऱ्या सेनापतीने १९ एप्रिलला काँग्रेसच्या संयुक्त बैठकीत भाषण केले. दुसऱ्या दिवशी न्यूयॉर्कमध्ये लक्षावधी लोकांनी त्यांच्यावर कागदी फितींचा वर्षाव केला. त्या आठवड्यात विश्वासाचे मोजमाप झाले असते तर राज्यघटनाच हरली असती.

तिला वाचविले ते एका कंटाळवाण्या चौकशीने. सिनेटर रिचर्ड रसेल यांच्या अध्यक्षतेखाली दोन समित्यांनी ३ मेपासून सुमारे सात आठवडे साक्षी घेतल्या. कामकाज बंद दाराआड चाले. लष्करी गुपिते गाळून त्याचा वृत्तान्त रोजच्या रोज वृत्तपत्रांना मिळे. तुमच्या योजनेमुळे रशिया युद्धात उतरला तर युरोपचे संरक्षण कसे करावयाचे, अशा रोखाने सिनेटर मॅकमेहन यांनी विचारले, तेव्हा तो आपल्या अधिकारक्षेत्रातील विषय नव्हे, असे मॅकआर्थर यांना म्हणावे लागले. हीच तर अध्यक्षांची बाजू होती! मग संरक्षणमंत्री मार्शल आले, सेनाप्रमुख आले. ती योजना म्हणजे चुकीच्या जागी, चुकीच्या वेळी, चुकीच्या शत्रूशी चुकीचे युद्ध होईल, असे ब्रॅडली यांनी सांगितले. लोकांचा ज्वर हळूहळू उतरला.

येथे एक गोष्ट मनाला टोचते. ट्रुमन यांच्या शब्दावर लोकांनी विश्वास ठेवला नाहीच. १९५२ च्या फेब्रुवारीत त्यांच्या कारभारास पसंती देणारे शेकडा २२ उरले होते. मुलकी सत्तेची बाजू लोकांना पटली ती दुसऱ्या सेनापतींच्या तोंडून. ते सेनापती मॅकआर्थर यांच्या बाजूस उभे राहिले असते तर काय झाले असते, याचे उत्तर लोकप्रियतेच्या आकड्यांत सापडत नाही. आणि निदान ती चौकशी चालविण्याइतकी पत त्या वेळच्या सिनेटपाशी होती.

मार्शल यांची नेमणूकही अपवादानेच झाली होती. १९४७ च्या राष्ट्रीय सुरक्षा कायद्याप्रमाणे लष्करी सेवा सोडून दहा वर्षे लोटल्यावाचून कोणाही अधिकाऱ्याला संरक्षणमंत्री होता येत नव्हते. १९५० साली काँग्रेसने मार्शल यांच्यासाठी खास कायदा केला आणि पुन्हा असे होऊ नये, अशी इच्छाही त्यातच नमूद केली. पुढे २००८ साली दहा वर्षांची सात झाली. २०१७ मध्ये जनरल मॅटिस यांच्यासाठी आणि चारच वर्षांनी जनरल ऑस्टिन यांच्यासाठी तो अपवाद पुन्हा करण्यात आला. एक नेमणूक रिपब्लिकन अध्यक्षाची, दुसरी डेमोक्रॅटिक अध्यक्षाची. ऑस्टिन यांच्या वेळी प्रतिनिधिगृहात ३२६ विरुद्ध ७८ मते पडली.