पिळाची करामत : कारखान्यातील इथरनेट केबलचा इतिहास

प्रकाशलहरी वाहून नेणारे 'ईथर' नावाचे माध्यम विश्वभर पसरलेले आहे, असे एकोणिसाव्या शतकातील शास्त्रज्ञ मानत. १८८७ च्या मायकेलसन-मोर्ले प्रयोगाने या कल्पनेला जबर धक्का दिला. नाव मात्र पुन्हा वापरात आले. २२ मे १९७३ रोजी कॅलिफोर्नियातील झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो संशोधन केंद्रात रॉबर्ट मेटकाफ यांनी संगणक एकमेकांना जोडण्याची योजना एका टिपणात मांडली व तिला 'इथरनेट' म्हटले. इथले ईथर म्हणजे तांब्याची केबल!

१९८३ मध्ये मंजूर झालेल्या पहिल्या मानकात सुमारे एक सेंटिमीटर जाडीची समाक्ष केबल होती. मधोमध तार, तिच्याभोवती विद्युतरोधक आणि त्यावर धातूचे आवरण. एका सलग केबलची कमाल लांबी ५०० मीटर व वेग सेकंदाला एक कोटी बिट. ही केबल वाकवायला अवघड. शिवाय ती एका जागी तुटली की सगळेच जाळे बंद पडे. कार्यालयात त्याने फार तर छपाई खोळंबते. कारखान्यात मात्र संदेश हरवला तर चालते यंत्र थांबते.

आणि संदेश बिघडवणाऱ्या गोष्टी कारखान्यात पावलोपावली असतात. मोटर सुरू होताना किंवा वेल्डिंग चालू असताना विद्युतप्रवाह झपाट्याने बदलतो. त्यामुळे भोवतालचे चुंबकीय क्षेत्र बदलते आणि फॅरेडेच्या नियमानुसार शेजारच्या तारेत नको असलेला विद्युतदाब निर्माण होतो. यालाच विद्युत गोंगाट म्हणतात.

याच्यावरचा उपाय टेलिफोनने आधीच दिला होता. सुरुवातीच्या टेलिफोनला एकच तार असे. परतीचा मार्ग जमिनीतून. साहजिकच गोंगाट फार. ग्रॅहॅम बेल यांनी १८८१ मध्ये दोन तारांना एकमेकींचा पीळ देण्याचे पेटंट घेतले. पिळामुळे तारांची जागा सतत अदलाबदल होते. एका वेढ्यात निर्माण झालेला दाब पुढच्या वेढ्यात उलट दिशेने येतो आणि दोन्ही बऱ्याच अंशी एकमेकांना रद्द करतात. जो थोडा गोंगाट उरतो तो दोन्ही तारांवर सारखाच असतो. ग्राहक यंत्र दोन तारांमधला फरकच वाचते, त्यामुळे तोही गळून जातो. १९९० मध्ये इथरनेटच्या मानकाने ही पिळाची तार स्वीकारली.

हे तत्त्व समजले की केबल टाकण्याचे नियम पाठ करावे लागत नाहीत. जोडणीपाशी पीळ १३ मिलिमीटरपेक्षा जास्त उलगडायचा नाही, कारण उलगडलेला भाग गोंगाट पकडतो. वीजवाहक केबलपासून अंतर राखायचे. ओलांडावीच लागली तर काटकोनात, म्हणजे प्रवर्तन कमीत कमी होते. गोंगाट फारच असेल तर धातूचे आवरण असलेली केबल घ्यायची व ते आवरण नीट भूसंपर्कित करायचे. अंतर शंभर मीटरपेक्षा जास्त असेल तर प्रकाशतंतू वापरायचा. त्यावर चुंबकीय क्षेत्राचा हा परिणाम होत नाही.

२०१९ मध्ये रासायनिक प्रक्रिया उद्योगांसारख्या ठिकाणांसाठी नवे मानक मंजूर झाले. त्यात वेग तोच, सेकंदाला एक कोटी बिट. पण अंतर एक हजार मीटरपर्यंत आणि तारांची जोडी फक्त एक. बेल यांच्या पेटंटातल्यासारखीच!

संगणकाच्या केबलचा टाकाऊ तुकडा मिळवून वर्गात सोलून पाहा. आत चार जोड्या दिसतील. प्रत्येकीचे दहा सेंटिमीटरमधले वेढे विद्यार्थ्यांना मोजायला सांगा. आकडे वेगवेगळे येतील. सर्वांचा पीळ सारखा असता, तर जोड्यांनी एकमेकींचाच गोंगाट पकडला असता.