आजीचा १९१८ चा रुपया: पाच लाखांचा की एका तोळ्याचा?

मागच्या दिवाळीत गावी, म्हणजे इंझोरीला गेलो होतो. चुलत भाऊ मोबाईल घेऊन धावतच आला. व्हिडिओत एक जण सांगत होता, जॉर्ज राजाचा १९१८ चा रुपया द्या, पाच लाख न्या. आधी फक्त अडीच हजार 'नोंदणी फी' भरा. आणि नेमका तसाच रुपया आजीच्या डब्यात! आजी म्हणाली, "काहून रे, खरंच येतात काय याचे एवढे पैसे?"

मी कोड लिहिणारा माणूस. म्हटलं, आधी तपासू.

पहिलं, वजन. या रुपयाचं ठरलेलं वजन ११.६६ ग्रॅम. जुना तोळा म्हणतात तो हाच! आजीचा भरला ११.६, म्हणजे थोडी झीज. दुसरं, चुंबक. चांदी चिकटत नाही, पण पितळही चिकटत नाही. म्हणून काट्यावर पाण्याची वाटी ठेवून आकडा शून्य केला आणि रुपया दोऱ्याला बांधून, तळाला न टेकवता बुडवला. आकडा १.१३ ग्रॅमच्या आसपास वाढला, तर धातू बरोबर. तिसरं, टांकसाळ. मागच्या बाजूला तळाच्या फुलाखाली बारीक ठिपका असेल तर मुंबई, नसेल तर कलकत्ता. आपला मुंबईचा निघाला.

नाणं अस्सल. मग पाच लाख? नाही. १९१८ साली दोन्ही टांकसाळींनी मिळून चाळीस कोटींच्या वर रुपये पाडले. इतकं मुबलक नाणं दुर्मिळ कसं असेल? त्यात ९१.७ टक्के, म्हणजे १०.६९ ग्रॅम शुद्ध चांदी. तिला आजच्या भावाने गुणा. साधारण नाण्याची किंमत त्याच्याच आसपास.

पण इतके रुपये पाडले कशाला? इथे गोष्ट थेट अमेरिकेत जाते. पहिलं महायुद्ध चालू होतं. हिंदुस्थानातून माल जात होता, त्याचे पैसे इथे चुकवायचे होते. १९१७ मध्ये सरकारनं एक रुपयाची नोट काढली, पण लोकांचा भरवसा चांदीवर. नोट आणून दिली की सरकारला रुपया द्यावाच लागे, आणि तिजोरीतली चांदी संपत आली. तेव्हा एप्रिल १९१८ मध्ये अमेरिकेनं पिटमन कायदा केला. तिजोरीतले सुमारे सत्तावीस कोटी चांदीचे डॉलर वितळवले आणि त्यातली बहुतेक चांदी ब्रिटनला विकली, इथल्या रुपयांसाठी. एका डॉलरच्या चांदीत सव्वादोन रुपये व्हायचे!

अमेरिकेत आज हाच जुना मॉर्गन डॉलर घेऊन लोक 'किती मिळतील' विचारतात. त्याचेच वितळलेले भाऊबंद कदाचित आपल्या डब्यांत आहेत.

आता त्या फीचं. रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट २०२१ मध्येच बजावलंय: आमच्या नावानं जुन्या नाण्या-नोटांसाठी फी मागणाऱ्यांना भुलू नका. भावानं पैसे भरले नाहीत. वाचलो! आणि हो, नाणं चिंचेनं किंवा टूथपेस्टनं घासू नका. संग्राहक घासलेल्या नाण्याला कमी पैसे देतात.

आजीला सगळं सांगितलं. तिनं रुपया पदराला पुसला. "माह्या सासऱ्याच्या बापानं कारंज्याले कापूस इकून आणला होता. इकाचा कोणाले हाय?"

तुमच्या घरच्या डब्यात कोणतं साल आहे? बघा आणि सांगा. भेटू पुढच्या भागात!