ताजमहालाची आद्य छायाचित्रे आणि वास्तूवरील लेख

ताजमहाल म्हणजे पत्नीप्रेमाचे प्रतीक, हे समीकरण इतके रूढ झाले आहे की वास्तू स्वतःविषयी काय सांगते, हे विचारण्याची गरज सहसा कोणास भासत नाही. हा अर्थ छायाचित्रकलेने निर्माण केला असे नव्हे. परंतु त्यास स्थिर रूप देण्यात तिचा वाटा मोठा आहे.

कंपनी सरकारच्या वैद्यकीय सेवेतील स्कॉटिश डॉक्टर जॉन मरे हा आग्र्यास असताना १८४९ च्या सुमारास छायाचित्रणाकडे वळला. त्याची आग्र्याची दृश्ये १८५८ साली लंडन येथे प्रसिद्ध झाली. तो मेणविलेल्या कागदाची निगेटिव्ह वापरीत असे. अशा कागदास बराच वेळ प्रकाश द्यावा लागे; त्यामुळे हलती माणसे चित्रातून नाहीशी होत. शिवाय त्या काळची रसायने निळ्या प्रकाशास संवेदनक्षम, तांबड्यास जवळजवळ आंधळी. परिणामी लाल दगडाच्या इमारती काळवंडत आणि संगमरवर तेवढा उजळून निघे. लाल मशीद, दरवाजे व भिंती यांच्याशी समाधीचे असलेले नाते अशा चित्रांत क्षीण होते आणि एकाकी शुभ्र घुमट उरतो. हे एकाकीपण शाहजहानच्या स्थपतींचे नव्हे, रसायनाचे होय.

याहून महत्त्वाची हानी अक्षरांची. भव्य प्रवेशद्वाराच्या दक्षिण दर्शनी भागावर अमानत खानाने कुराणातील 'अल्-फज्र' हा अध्याय लिहिला आहे. न्यायनिवाड्याच्या इशाऱ्यापासून आरंभ होऊन तो समाधान पावलेल्या आत्म्यास स्वर्गप्रवेशाचे आमंत्रण देऊन संपतो. येणाऱ्याने हे वाचून मग आत जावयाचे, अशी योजना दिसते. बागेतून घेतलेल्या चित्रात हा दर्शनी भाग येणेच शक्य नाही. आणि समाधीच्या कमानींभोवतीचा 'यासीन' अध्याय दुरून काळ्या नक्षीच्या पट्ट्यासारखा भासतो.

वेन बेगली यांनी १९७९ मध्ये या लेखांच्या आधारे ताज ही ईश्वरी सिंहासनाची प्रतिमा असल्याचे प्रतिपादन केले. लेखांच्या निवडीमागे पुनरुत्थानाची कल्पना आहे, इतके मान्य करावे. सिंहासनापर्यंतची उडी मात्र मला मोठी वाटते. एबा कॉख यांनी मांडलेली मुमताजच्या स्वर्गातील निवासस्थानाची उपपत्ती अधिक संयत आहे.

तिला शब्दाचाही आधार मिळतो. शाहजहानकालीन इतिहासग्रंथांत या वास्तूस 'रौजा-इ-मुनव्वरा' म्हटले आहे. अरबी 'रौजा' म्हणजे मुळात बाग. पुढे त्यास समाधीचा अर्थ आला. विजापूरच्या 'इब्राहिम रोजा' या नावात आपण हाच शब्द वापरतो. उपवासवाचक 'रोजा' फारसीतील 'रोज' म्हणजे दिवस या शब्दापासून आलेला, तो निराळा. मुमताज १६३१ साली बुऱ्हाणपुरास निवर्तली, तेव्हा तिचे पहिले दफनही तापीपलीकडच्या एका बागेतच झाले होते.