तळटीप : फ्रँक बर्क

१. फ्रँक बर्क : आयर्लंडमधील हर्लिंग आणि गेलिक फुटबॉल या दोन्ही खेळांत डब्लिनच्या संघाकडून खेळलेला खेळाडू. हर्लिंग लाकडी काठीने आणि लहान चेंडूने खेळतात, तर गेलिक फुटबॉलमध्ये चेंडू हातानेही झेलता येतो. दोन्हींत प्रत्येक बाजूला १५ खेळाडू. बर्क राथफार्नम येथील सेंट एंडाज या पॅट्रिक पिअर्सच्या शाळेचा विद्यार्थी. ब्रिटिश सत्तेविरुद्धच्या १९१६च्या ईस्टर उठावात तो डब्लिनच्या मुख्य टपाल कचेरीत लढला. उठावाचा नेता असलेल्या पिअर्सला त्यानंतर फाशी नव्हे, गोळ्या घालून देहदंड दिला गेला. मराठी लेखनात याची गल्लत होते, म्हणून मुद्दाम नोंदवतो.

२१ नोव्हेंबर १९२० रोजी क्रोक पार्कवर टिपरेरीविरुद्धच्या सामन्यात ब्रिटिश दलांनी गोळीबार केला, तेव्हा बर्क डब्लिनकडून मैदानात होता. १४ माणसे मेली. टिपरेरीचा मायकल होगन हा त्यांतला एकमेव खेळाडू.

बर्कला हर्लिंगची दोन (१९१७, १९२०) आणि फुटबॉलची तीन (१९२१, १९२२, १९२३) अखिल आयर्लंड विजेतेपदे मिळाली. ही वर्षे स्पर्धेची आहेत, सामन्यांची नव्हेत. आयर्लंडमधील युद्धामुळे १९२०ची हर्लिंगची अंतिम लढत १९२२मध्ये, तर १९२१ची फुटबॉलची १९२३मध्ये झाली. मूळ मजकुरातील सनावळी याच दृष्टीने वाचावी. बर्कच्या चरित्रात मला पदकांहून मोठी वाटते ती त्याची गुरुनिष्ठा : पिअर्समागे चालू राहिलेल्या त्या शाळेचा तो मुख्याध्यापक झाला आणि १९३५मध्ये ती बंद पडेपर्यंत त्या पदावर राहिला. — संपा.