अल्प प्राणवायू आणि गोड्या पाण्यातील एकपेशीय सजीवांची विकरे

पाण्यात विरघळलेला प्राणवायू घटला असता गोड्या पाण्यातील एकपेशीय सजीवांच्या चयापचयाचा मार्ग बदलतो. हा बदल विकरांमुळे, म्हणजेच एन्झाइमांमुळे, घडतो. ३० अंश सेल्सिअस तापमानाला हवेच्या संपर्कातील एक लिटर स्वच्छ पाण्यात सुमारे ७.५ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो. हे प्रमाण २ मिलिग्रॅमच्या खाली गेल्यास पाणी सामान्यतः प्राणवायू-न्यून मानले जाते.

ठाणे जिल्ह्यातील शहाड येथे उल्हास नदीचे पाणी पिण्यासाठी उचलले जाते; 'स्टेम' या पाणीपुरवठा संस्थेच्या नावातच शहाड व टेमघर ही गावे आहेत. याच नदीत सांडपाणी मिसळते आणि जलपर्णीही माजते. जलपर्णीचा थर प्रकाश व हवा अडवतो, तर सांडपाणी कुजवणारे जीवाणू उरलासुरला प्राणवायू वापरून टाकतात.

प्राणवायू असताना पेशीला ग्लुकोजच्या एका रेणूपासून एटीपीचे सुमारे ३० रेणू मिळतात; केवळ किण्वनावर भागवल्यास बहुधा दोनच. यावर प्रत्येक सजीवाची तोड निराळी आहे.

घाण पाण्यात सहज आढळणाऱ्या युग्लीनाची तोड विशेष उल्लेखनीय आहे. ती पॅरामायलॉन या साठवलेल्या कर्बोदकाचे मेणात रूपांतर करते. त्यासाठी पायरुव्हेटचे विघटन करणारे तिचे एक खास विकर प्राणवायूच्या संपर्कात निकामी होते. म्हणजे ते प्राणवायूच्या अभावातच उपयोगी पडते. या प्रक्रियेचा महत्त्वाचा भाग तंतुकणिकेत, एरवी श्वसनाचे केंद्र असलेल्या अंगकात, चालते. प्राणवायू परतल्यावर पेशी हेच मेण इंधन म्हणून वापरते.

क्लॅमिडोमोनास हे हरित शैवाल मात्र नवी विकरे तयार करते. त्यांतील हायड्रोजनेज हायड्रोजन वायू मुक्त करते. इतर विकरांमुळे फॉर्मिक आम्ल, ॲसिटिक आम्ल व इथेनॉल बनते. लॉक्झोडिस हा पक्ष्माभिकायुक्त प्राणी प्राणवायूऐवजी नायट्रेट वापरून श्वसन करू शकतो.

त्यामुळे हिरवेगार, सूक्ष्मजीवांनी भरलेले पाणी निरोगी असतेच असे नाही. शैवाल दिवसा प्राणवायू सोडते व रात्री वापरते. साहजिकच अशा पाण्यातील प्राणवायू पहाटे सर्वांत कमी असतो आणि केवळ दुपारी घेतलेल्या नमुन्यात ही न्यूनता दिसत नाही.