करारनाम्यातील व्याख्या आणि संघीय समाजकल्याण कायदे : अमेरिकेतील १९७४ च्या निवृत्तिवेतन कायद्याच्या विशेष संदर्भात

प्रस्तावना :
अमेरिकेतील मोठ्या कर्जाच्या करारनाम्यांत व्याख्यांच्या कलमात एक वाक्य सामान्यतः आढळते. 'एरिसा' म्हणजे १९७४ चा कर्मचारी निवृत्ती उत्पन्न सुरक्षा अधिनियम, त्यात वेळोवेळी झालेल्या दुरुस्त्या व त्याखालील नियम, असा त्याचा आशय असतो. धनको आणि ऋणको यांच्यातील व्यवहारात कामगारांच्या निवृत्तिवेतनाचा कायदा कोठून आला, याचा शोध प्रस्तुत निबंधात घेतला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :
१४ ऑगस्ट १९३५ रोजी राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी सामाजिक सुरक्षा कायद्यावर स्वाक्षरी केली आणि संघीय वार्धक्यवेतनाचा पाया घातला गेला. कारखान्यांच्या स्वतंत्र निवृत्तिवेतन योजना मात्र करारावरच अवलंबून राहिल्या. त्यांपैकी बहुतेक योजनांत मालकाची जबाबदारी निधीतील शिलकेपुरती मर्यादित असे. डिसेंबर १९६३ मध्ये स्टुडबेकर कंपनीने इंडियाना राज्यातील साऊथ बेंड येथील मोटार कारखाना बंद केला, तेव्हा या मर्यादेचा अर्थ स्पष्ट झाला. निवृत्तांना व साठी गाठलेल्या पात्र कामगारांना पूर्ण लाभ मिळाला. ४० ते ५९ वयोगटातील सुमारे ४,००० कामगारांच्या हाती देय रकमेच्या केवळ १५ टक्क्यांच्या आसपास रक्कम पडली. उरलेल्यांना काहीच मिळाले नाही. कामगारांची ही हानी कराराच्या चौकटीतच झाली होती.

कायदा आणि धनको :
२ सप्टेंबर १९७४ रोजी, अमेरिकेच्या कामगारदिनी, राष्ट्राध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांनी एरिसावर स्वाक्षरी केली. या कायद्यान्वये पेन्शन बेनिफिट गॅरंटी कॉर्पोरेशन स्थापन झाले. योजना अपुऱ्या निधीसह संपुष्टात आल्यास मालक या महामंडळाचा देणेकरी ठरू लागला आणि त्या देण्यासाठी मालकाच्या मालमत्तेवर धारणाधिकारही निर्माण होऊ लागला. समान नियंत्रणाखालील सर्व व्यवसाय या कायद्याने एकच मालक मानले. परिणामी, एका कंपनीच्या योजनेतील तूट त्याच समूहातील दुसऱ्या कंपनीच्या धनकोचीही चिंता बनली. करारनाम्यांत 'एरिसा'पाठोपाठ 'एरिसा-संलग्न संस्था' ही व्याख्या येते, ती यामुळेच.

'वेळोवेळी दुरुस्त' या शब्दांचे महत्त्व :
करार करतेवेळी अस्तित्वात असलेला कायदा त्या कराराचा भाग बनतो, हे तत्त्व अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १८६६ मध्ये व्हॉन हॉफमन विरुद्ध क्विन्सी शहर या खटल्यात मांडले. नंतरच्या दुरुस्त्या करारातील संदर्भात आपोआप येतातच असे नाही; म्हणून त्यांचा स्पष्ट उल्लेख करावा लागतो. १९७४ च्या मूळ तरतुदीनुसार मालकाचे दायित्व त्याच्या निव्वळ मालमत्तेच्या ३० टक्क्यांपुरते होते. १९८७ च्या दुरुस्तीने ते संपूर्ण तुटीपर्यंत वाढले. १९८० च्या दुरुस्तीने अनेक मालकांच्या संयुक्त योजनेतून बाहेर पडणाऱ्यावर स्वतंत्र देणे लादले. हे बदल मालकावर बंधनकारक होतेच. परंतु ऋणकोने धनकोला दिलेल्या हमीत ते समाविष्ट आहेत की नाहीत, हे व्याख्येवर ठरते. पुढील काळातील उदाहरणही बोलके आहे. २३ मार्च २०१० च्या आरोग्यसेवा कायद्यात ३० मार्च रोजीच दुरुस्ती झाली. केवळ मूळ कायद्याचा व त्याच्या तारखेचा उल्लेख करणारी व्याख्या एका आठवड्यातच अपुरी ठरण्याची शक्यता होती.

समारोप :
ही व्याख्या धनकोच्या संरक्षणासाठी लिहिली जाते, कामगाराच्या नव्हे, हे मान्य करावे लागते. तरीही तिचा एक अप्रत्यक्ष परिणाम दुर्लक्षिता येत नाही. १९६३ मध्ये निधीतील तूट हा मुख्यतः कामगारांचा तोटा होता. १९७४ नंतर ती कर्ज देणाऱ्याने तपासावयाची बाब झाली. ज्या करारपद्धतीने साऊथ बेंडच्या कामगारांना वाऱ्यावर सोडले, त्याच करारपद्धतीला कायद्याने त्यांच्या हक्काची दखल घेण्यास भाग पाडले. व्याख्येतील एका ओळीचे ऐतिहासिक मूल्य यातच आहे.